ब्लेचलीतला गणिताचा तास

ज्या आवारात एके काळी पासाशिवाय परिंदाही फिरकत नव्हता, तिथे आज शाळेच्या सहली येतात. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅलन ट्युरिंगची ओळख मुलांना इथे होते. पण त्याची सगळी कहाणी मुलांना सांगायची की नाही, हा प्रश्न मोठ्यांसाठी आहे.

लंडनच्या यूस्टन स्टेशनातून उत्तरेकडे सुटणारी गाडी पाऊण-एक तासात ब्लेचलीला येते. गाव साधेच आहे. विटांची बैठी घरे, छोटी दुकाने, मुद्दाम उतरून पाहावे असे बाहेरून काही दिसत नाही. स्टेशनाबाहेर पडून रस्ता ओलांडला की थोड्याच वेळात एका जुन्या इस्टेटीचे फाटक लागते. आत तळे, तळ्याकाठी हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला लाल विटांचा एक बंगला. हर्बर्ट लिऑन नावाच्या धनिकाने तो वाढवत नेला. घुमट, कमानी, उतरती छपरे असे जे जे आवडले ते ते त्याने एकाच घराला लावले, असे बंगल्याकडे पाहताना वाटते. बंगल्याच्या मागेपुढे लाकडी फळ्यांच्या बसक्या बराकी आहेत. त्यांना इथे ‘हट’ म्हणतात. खरा इतिहास बंगल्यात कमी आणि या बराकींतच जास्त घडला.

शाळा चालू असण्याच्या दिवसांत या आवारात मुलांचे घोळके दिसतात. अंगात शाळेचा कोट, पाठीवर पिशवी. कुणाचे लक्ष तळ्यातल्या बदकांकडे, कुणाचे खाऊच्या डब्याकडे. कुठल्याही सहलीत दिसावे तेच दृश्य. पण इथे त्यांच्यासाठी खास तास असतात. दुसऱ्या महायुद्धातले खरेखुरे एनिग्मा यंत्र त्यांच्यासमोर चालवून दाखवले जाते आणि गुप्तलिपी कशी फोडतात हे त्यांच्याकडूनच करवून घेतले जाते.

शिकार पार्टी की हेरखाते?

१९३८ साली युरोपवर युद्धाचे ढग जमू लागले, तेव्हा ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख अॅडमिरल सिंक्लेअर यांनी ही इस्टेट खरेदी केली. जागा हेरण्यामागे हिशेब होता. लंडन हाकेच्या अंतरावर, पण बाँबफेकीच्या टप्प्यात येण्याची भीती कमी. शिवाय ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांना जोडणारा लोहमार्ग त्या काळी ब्लेचलीवरूनच जात असे. म्हणजे दोन्हीकडचे गणिती आणि भाषापंडित गाडीत बसले की इथे हजर. त्या वर्षी पाहणीसाठी आलेल्या मंडळींनी गावात संशय येऊ नये म्हणून आपण ‘कॅप्टन रिडलेची शिकार पार्टी’ आहोत अशी बतावणी केली होती.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच दिवशी केंब्रिजचा २७ वर्षांचा एक गणिती इथे रुजू झाला. तोच अॅलन ट्युरिंग.

त्याचे भारताशी नाते जवळचे होते. वडील ज्युलियस ट्युरिंग आय.सी.एस. अधिकारी. त्यांची नोकरी मद्रास इलाख्यात होती. त्या वेळी याच इलाख्यात असलेले छत्रपूर आता ओडिशात आहे. तिथेही ते नेमणुकीवर होते. आई एथेल सारा हिचा जन्मच मद्रास इलाख्यातला. तिचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते, आणि आवाज न करणाऱ्या पंख्याच्या चाकाचे पेटंट त्यांच्या नावावर होते. अॅलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. आई-वडील भारतात आणि दोन्ही मुले इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी, असे त्याचे बालपण गेले.

आजच्या पालकांना दिलासा वाटेल अशी गोष्ट म्हणजे शाळेत त्याच्याबद्दल तक्रारीच जास्त होत्या. अक्षर गिचमिड, वही अस्वच्छ, लॅटिन-इंग्रजीत लक्ष नाही. शेरबोर्नच्या मुख्याध्यापकांनी तर याला नुसते विज्ञानच शिकायचे असेल तर तो या शाळेत वेळ फुकट घालवतो आहे, अशा अर्थाचा शेरा मारला होता. पण हट्ट किती? १९२६ मध्ये शाळेच्या पहिल्या दिवशीच देशभर संप झाला, गाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा अॅलन साउथॅम्प्टनच्या बंदरावरून सायकलवर निघाला. वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता कापत तो दुसऱ्या दिवशी शाळेत दाखल झाला.

एकशे एकोणसाठवर अठरा शून्ये

ब्लेचलीत मुलांसमोर ठेवले जाणारे एनिग्मा दिसायला टाइपरायटरसारखेच असते. एक कळ दाबली की वरच्या काचेवर भलत्याच अक्षराचा दिवा लागतो. तीच कळ पुन्हा दाबली की दुसरेच अक्षर उजळते, कारण प्रत्येक वेळी आतले चाक एक घर पुढे सरकते. जर्मन सैन्याच्या यंत्रात पाचपैकी तीन चाके निवडून बसवत आणि पुढच्या फळीवर तारांच्या दहा जोड्या खुपसत. या सगळ्या जुळणीचे प्रकार होतात सुमारे १५९ वर १८ शून्ये. दर सेकंदाला एक प्रकार तपासायचा म्हटले तर विश्वाचे वयही पुरणार नाही. आणि जुळणी तर रोज बदलत असे!

एवढ्या मोठ्या आकड्यापुढे मुले गप्प होतात. मग त्यांना यंत्राचा एक दोष सांगितला जातो. एनिग्मातून कुठलेही अक्षर स्वतःचेच रूप घेऊन बाहेर पडत नाही. ‘क’ची कळ दाबली तर ‘क’ सोडून काहीही येईल, पण ‘क’ येणार नाही.

एवढ्याशा गोष्टीचा उपयोग काय? आपल्या अक्षरांत करून पाहू. समजा, पकडलेला सांकेतिक मजकूर ‘ट ह क म र न व’ असा आहे. पाठवणारा रोज सकाळी हवामान कळवतो हे ठाऊक असल्याने यात कुठेतरी ‘ह व म न’ दडले असावे असा अंदाज आहे. ही चार अक्षरे कागदाच्या पट्टीवर लिहायची आणि मजकुराखाली एकेक घर सरकवत न्यायची. पहिल्या जागी काही अडत नाही. दुसऱ्या जागी ‘ह’खाली ‘ह’ येतो, म्हणजे ती जागा बाद. तिसऱ्या जागी ‘न’खाली ‘न’ येतो, तीही बाद. चौथी चालते. चारपैकी दोन शक्यता एक बेरीजही न करता गेल्या.

ब्लेचलीतही असेच होत असे. जर्मन तारायंत्री ठरावीक वेळी ठरावीक साच्याचे संदेश धाडत. त्यात हवामानाचे अहवाल हमखास असत. सवयीने माणूस पकडला जातो तो असा. उरलेल्या शक्यता तपासायला ट्युरिंगने एका विजेवर चालणाऱ्या यंत्राचा आराखडा केला. त्याचे नाव ‘बॉम्ब’. नाव ऐकून मुले दचकतात, पण हा फुटणारा बाँब नव्हे. पोलंडच्या गणितींनी आधी बनवलेल्या ‘बोम्बा’ या यंत्रावरून ते नाव पडले. सुमारे एक टन वजनाचे, ओळीने फिरणाऱ्या चकत्यांचे हे कपाट बरोबर उत्तर थेट शोधत नसे. चुकीची उत्तरे भराभर बाद करत जाई. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये ब्लेचलीत बसले, आणि युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या वर यंत्रे तयार झाली होती.

एकट्याचे काम नव्हे

हट क्रमांक ८ मध्ये ट्युरिंगची खोली जशी होती तशी मांडून ठेवली आहे. टेबल, कागद आणि गरम पाण्याच्या नळीला साखळीने बांधलेला चहाचा मग. कुणी उचलून नेऊ नये म्हणून तो खरोखरच मग बांधून ठेवी. पराग उडण्याच्या दिवसांत शिंका येत, म्हणून तो तोंडावर गॅस मास्क चढवून सायकल चालवी. जर्मनांनी देश जिंकलाच तर पैसे बुडतील या भीतीने त्याने चांदीच्या लगडी घेऊन आसपासच्या रानात पुरल्या. युद्धानंतर त्या कुठे पुरल्या हेच त्याला सापडेना. जगातली सर्वांत अवघड गुप्तलिपी फोडणाऱ्याला स्वतःच्या खुणा उलगडल्या नाहीत, या गोष्टीवर मुले पोट धरून हसतात. त्याचे टेडी बेअरही इथे जपून ठेवले आहे.

विक्षिप्त बुद्धिमंताचे असे किस्से लक्षात राहतात खरे, पण त्यात एक धोका आहे. सारे युद्ध एका माणसाने खोलीत बसून जिंकले, असे मुलांना वाटू लागते. ब्लेचलीच्या आवारात फिरताना तो गैरसमज आपोआप दूर होतो. तबेल्याच्या अंगणात मारियन रेयेव्स्की आणि त्याच्या दोन पोलिश सोबत्यांचे स्मारक आहे. युद्धाच्या कितीतरी आधी त्यांनी एनिग्मा फोडले होते आणि जुलै १९३९ मध्ये आपले सारे ज्ञान ब्रिटन व फ्रान्सच्या हाती दिले होते. बॉम्ब यंत्रात गॉर्डन वेल्चमनने मोलाची भर घातली आणि हॅरल्ड कीनच्या देखरेखीखाली ते लेचवर्थच्या कारखान्यात तयार झाले. १९४५ च्या सुरुवातीला इथल्या कामावर सुमारे नऊ हजार माणसे होती, आणि त्यांतल्या चारांत तीन बायका होत्या.

त्यांतलीच एक जोन क्लार्क. केंब्रिजची गणिती, हट ८ मधली ट्युरिंगची सहकारी. तिच्या योग्यतेची वरची जागा बाईला देण्याची सोय नव्हती म्हणून बढती देताना तिला कागदोपत्री ‘भाषातज्ज्ञ’ दाखवले गेले. पुढे फॉर्म भरताना ‘हुद्दा भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही’ असे लिहिण्यात तिला गंमत वाटे. मुलींच्या शाळेची सहल आली की ही गोष्ट सांगायलाच हवी.

आणि दोन खलाशीही विसरता येत नाहीत. १९४२ च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुड्यांनी चार चाकांचे एनिग्मा वापरायला सुरुवात केली आणि हट ८ ला जवळजवळ दहा महिने काही सुचेना. त्या काळात अटलांटिकवर जहाजांमागून जहाजे बुडाली. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडू लागलेल्या एका जर्मन पाणबुडीत टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर उतरले. त्यांनी सांकेतिक पुस्तके वर दिली. पाणबुडी बुडाली तेव्हा ते दोघे आतच होते. त्या पुस्तकांच्या आधाराने डिसेंबरात कोडे पुन्हा सुटले.

ब्लेचलीच्या या जाळ्याचे एक टोक दिल्लीतही होते. आनंद पर्वतावरच्या रामजस कॉलेजच्या जागेत ‘वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर’ या नावाखाली जपानी संदेश ऐकण्याचे आणि उलगडण्याचे काम चाले. ब्लेचलीत काम केलेले इतिहासकार हॅरी हिन्सली यांच्या अंदाजाने या सगळ्या खटाटोपामुळे युद्ध किमान दोन वर्षे लवकर संपले.

पेन्सिल, खोडरबर आणि चौकटी

मग ट्युरिंगला संगणकशास्त्राचा जनक का म्हणतात? बॉम्ब यंत्र काही आजच्या अर्थाने संगणक नव्हते. ब्लेचलीतला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणजे कोलोसस. तो टपाल खात्याच्या टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने बांधला, आणि तो एनिग्मासाठी नव्हे तर लोरेन्झ नावाच्या वेगळ्याच जर्मन यंत्रासाठी होता. त्याची हुबेहूब चालणारी प्रतिकृती शेजारच्या ‘नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग’मध्ये पाहायला मिळते. बॉम्ब यंत्राची प्रतिकृतीही आता तिथेच आहे.

ट्युरिंगचे मोठेपण युद्धाच्या आधीच्या एका निबंधात आहे. १९३६ साली, यंत्र हाताशी नसताना, त्याने नुसता विचार केला की हिशेब करणारा माणूस नेमके काय करतो? समोरच्या चौकटीतली खूण पाहतो, नियमाप्रमाणे ती पुसतो किंवा बदलतो आणि शेजारच्या चौकटीकडे जातो. एवढेच जमणारे यंत्र असले तर नियमांत बसणारा कुठलाही हिशेब ते करू शकेल. आणि नियमही खुणांतच लिहून दिले तर एकच यंत्र सगळी कामे करील. आज एकाच फोनवर पत्र, गाणे, नकाशा आणि हिशेब चालतो, त्याचे मूळ या कल्पनेत आहे. त्याच निबंधात त्याने हेही सिद्ध केले की काही प्रश्न असे आहेत, जे कुठल्याही यंत्राला कधीच सुटणार नाहीत.

हे शिकवायला विजेचीही गरज नाही. चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर पुरे. एका मुलाने यंत्र व्हायचे. नियम दोनच. उजवीकडच्या टोकाला उभे राहा. समोर १ असेल तर पुसून ० लिही आणि डावीकडे सरक. ० किंवा रिकामी चौकट असेल तर १ लिही आणि थांब. आता वहीत १०११ लिहून द्या. यंत्र झालेला मुलगा ११०० लिहून थांबतो. संगणकाच्या भाषेत पहिला आकडा अकरा आणि दुसरा बारा. म्हणजे बेरीज येत नसतानाही त्याने एक मिळवला! यंत्राला काय ‘कळते’ हा पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. ट्युरिंगनेही १९५० मध्ये तोच विचारला होता.

तासाची दुसरी बाजू

इथवर सगळे सोपे आहे. सहलीत एखादी चुणचुणीत मुलगी हटकून विचारते, ‘मग पुढे त्याचे काय झाले?’ शिक्षकांची परीक्षा इथे सुरू होते.

१९५२ साली मँचेस्टरजवळ ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. तो स्वतः तक्रार करायला गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचे उघड झाले. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. तुरुंग किंवा संप्रेरकांची सक्तीची औषधे, यांतले एक निवडण्याची वेळ आली. त्याने औषधे पत्करली. गुप्त कामासाठी लागणारी सरकारी परवानगी गेली. त्याने देशासाठी काय केले हे न्यायालयात मोकळेपणाने सांगण्याची सोयच नव्हती, कारण ब्लेचलीचे काम गुप्त होते. त्याचा बोभाटा झाला तो थेट १९७४ मध्ये. ७ जून १९५४ रोजी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरली. आईचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. तिच्या मते तो प्रयोगातला अपघात होता. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद सापडले, त्याची तपासणी झालीच नाही. अॅपल कंपनीचे बोधचिन्ह त्यावरून आले ही नंतरची दंतकथा. चिन्ह काढणाऱ्या चित्रकाराने ती नाकारली आहे.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे सांगावे का? ‘गणित शिकवा, बाकीचे कशाला?’ असे म्हणणारे पालक असतातच, आणि त्यांची काळजी खोटी नसते. पण ‘पुढे तो वारला’ एवढ्यावर भागवले तर मुले फोनवर दोन मिनिटांत बाकीचे शोधून काढतात, तेही खरे-खोटे मिसळलेले. मग आपल्याला अर्धेच सांगितले हे त्यांच्या मनात राहते. शिवाय वर्गात एखादे मूल असे असते, ज्याला आपण इतरांसारखे नाही असे आतून वाटत असते आणि ते कुणापाशी बोलत नाही. मोठी माणसे या विषयावर नजर चुकवतात की सरळ बोलतात, हे ते मूल कान देऊन ऐकते. गाजावाजा न करता, चार सरळ वाक्यांत सांगितले तर मुले ते समजून घेतात. कायदा असा होता, तो अन्यायाचा होता, आणि पुढे देशाने ते कबूल केले.

कबुलीला वेळ लागला. इंग्लंडने १९६७ मध्ये कायदा सैल केला. २००९ साली पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये राणीने ट्युरिंगला क्षमा दिली. पण त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या हजारो सामान्य माणसांचे काय, असा प्रश्न उठला आणि २०१७ मध्ये त्यांच्यासाठीही कायदा झाला. लोक त्याला ‘ट्युरिंग कायदा’ म्हणतात. हा विषय आपल्यालाही परका नाही. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेतून असाच कायदा भारतात आणला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरता तो रद्द ठरवला.

आजचे ब्लेचली

हे आवारच एकदा पुसले जाणार होते. १९९१ मध्ये इमारती पाडून तिथे बांधकाम करण्याचा बेत होता. जुन्या कर्मचाऱ्यांना निरोपाचा मेळावा म्हणून गावकऱ्यांनी बोलावले. पन्नास वर्षे तोंड मिटून राहिलेली माणसे बोलू लागली, आणि काय गमावले जाणार आहे हे सर्वांच्या लक्षात आले. १९९२ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला आणि जागा वाचली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर देशोदेशींचे प्रतिनिधी इथेच जमले आणि जाहीरनाम्यावर भारतासह २८ देशांनी संमती दिली.

लंडनला गेलेल्या मराठी कुटुंबाला हा प्रवास एका दिवसात करता येतो. दिवस मात्र पुरा द्यावा. ब्लेचली पार्क आणि कॉम्प्युटिंग म्युझियम यांची तिकिटे वेगळी असतात. म्युझियम रोज उघडे असतेच असे नाही, तेव्हा वार पाहून निघावे. चालायचे बूट हवेत. जाण्यापूर्वी पट्टी सरकवण्याचा खेळ मुलांशी घरी खेळून ठेवला तर एनिग्मासमोर ती नुसती उभी राहणार नाहीत.

ब्लॉक बी मध्ये ट्युरिंगचा पुतळा आहे. वेल्सच्या पाटीच्या दगडाचे सुमारे पाच लाख तुकडे एकावर एक रचून शिल्पकार स्टीफन केटल यांनी तो २००७ मध्ये घडवला. समोर एनिग्मा, मान खाली, सारे लक्ष यंत्रात. इंग्लंडमध्ये ५० पौंडांची नोट हाती आली तर तीही मुलांना दाखवावी. तिच्यावर हाच चेहरा आहे. ती नोट चलनात आली २३ जून २०२१ रोजी, म्हणजे ट्युरिंगच्या वाढदिवशी. दंड झालेला माणूस नोटेवर कसा, असे मुलांनी विचारले तर गडबडून जाऊ नये. परतीच्या गाडीत पाऊण-एक तास हाताशी असतो, तेवढ्यात सांगून होते.